काचीगुडाची मऊ अंडी

माझ्या सासूबाईंना, बायनाबाईंना, अंड्याचा वास खपत नसे. घरात अंड्याचं कालवण शिजायला लागलं की त्या नाकाला पदर लावून दारासमोरच्या रस्त्यावर जाऊन बसायच्या. आतून कुणी "या जेवायला" म्हटलं की तिथूनच हात हलवून "तुमचं होऊ द्या" म्हणायच्या. आणि अशा बाईच्या कोंबड्यांच्या अंड्यांना आमच्या पूर्णेच्या गल्लीत तोड नव्हती. कुणाचीही कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला हटून बसली, की ती बाई आधी आमच्या दारात हजर. बायनाबाईच्या घरची अंडी ठेवली की पिल्लं निघणारच, अशी त्यांची ख्याती होती. या ख्यातीचा त्यांना एवढा अभिमान, की अंडं कुणाच्या हातावर ठेवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा जणू ते त्यांनी स्वतःच दिलंय.

मी वालूरची. लग्न होऊन पूर्णेला आले ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावासाठी आज मोर्चा, उद्या बंद. आमच्या गल्लीतली अर्धी माणसं रेल्वेत होती आणि सगळी माणसं मोर्च्यात. माझे मालक चंद्रभान रेल्वेत पॉइंटमन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे, होते. सासरे मी यायच्या आधीच वारले होते. घरात आम्ही तिघं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि अंगणात कोंबड्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, तशी मीही त्यांना आत्याबाईच म्हणायचे.

कोंबड्यांची नावं त्यांनी गाड्यांवरून ठेवली होती. मनमाड, अकोला, काचीगुडा, आणि कोंबडा गार्डसाहेब. मनमाड वेळेला पक्की होती. अकोला आमच्या अंगणात कमी आणि शेजारच्या कस्तुराबाईंच्या अंगणात जास्त असायची. काचीगुडाचा मात्र काही नेम नव्हता. ती अंडं कुठं देईल ते तिचं तिलाच ठाऊक. कधी घमेल्यात, कधी गोधड्यांच्या चळतीवर, एकदा तर माझ्या मालकांच्या ड्यूटीच्या टोपीत. मऊ काही दिसलं की ती बसलीच. संध्याकाळी आत्याबाई अंगणात उभ्या राहून "काचीगुडा आली का गं?" असं ओरडायच्या, तेव्हा रस्त्यानं जाणारा नवखा माणूस थांबून स्टेशनच्या दिशेनं बघायचा.

आणि आमच्या घराची भिंत. तिच्याविषयी सांगायलाच पाहिजे. अंगणाकडच्या त्या भिंतीला पूर्वी दरवर्षी चुना द्यायचे आणि कोंबड्या वर्षभर तिला टोचून टोचून भोकं पाडायच्या. आत्याबाई काठी घेऊन त्यांना हाकलायच्या, पण कोंबड्या पुन्हा तिथंच. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी भोकं बुजवली आणि भिंतीला हिरवा ऑइलपेंट दिला. असा चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. सून यायची तर पक्क्या भिंतीच्या घरात यायला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आल्यागेल्या प्रत्येकाला त्या भिंतीपाशी न्यायच्या. "हात फिरवा की, फिरवा. हाताला काही लागत न्हाई." माणूस बिचारा पाणी प्यायला आलेला असायचा, आधी भिंतीवरून हात फिरवायचा आणि मग त्याला पाणी मिळायचं.

तर अशा या घरात मी रुळत होते, आणि अंडी बिघडली.

एका सकाळी मी डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, उचलून बाजूला ठेवलं. खाली अंडं होतं. उचललं तर ते माझ्या हातात दबलं. त्याला टरफलच नव्हतं! नुसत्या पातळ कातडीत गुंडाळलेलं. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा, बोट काढलं की हळूच भरून यायचा. तळहातावर ते थरथरायला लागलं. मी "अगं माय" करून टाकूनच देणार होते, पण टाकलं तर अंगणभर पसरलं असतं. धरून ठेवावं तर बोटांतून निसटत होतं. मी ते या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात करत अंगणात नाचत राहिले. गार्डसाहेब मान वाकडी करून माझ्याकडं बघत होता.

मग एकदम माहेर आठवलं. आमच्या वालूरला नवी सून आली आणि म्हैस आटली, की बोट सुनेकडं. विहिरीचं पाणी खाली गेलं तरी सुनेकडं. पायगुण! आत्याबाई तर चारचौघांत ठणकावून सांगायच्या, "पायगुण-बियगुण आमी समदं सोडलं. त्ये गेलं गोदावरीत." पण तोंडानं सोडणं वेगळं आणि मनातून सुटणं वेगळं. ज्या बाईला अख्ख्या गल्लीत अंड्यांवरून मान आहे, तिच्या घरात मी पाय ठेवला आणि अंड्यांची टरफलं गेली. त्या काय म्हणतील? काहीच म्हणाल्या नाहीत आणि मनात ठेवलं, तर? त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. मला ते घर आवडायला लागलं होतं. त्या आवडायला लागल्या होत्या.

मी ते अंडं लपवलं. आधी चुलीच्या राखेत पुरलं, तर ते राखेत शिजून वास सुटला. दुसरं मोरीत फोडलं. पण अंडी थांबेनात. उलट कोंबड्यांनी ताळतंत्रच सोडला. अकोलानं गवारीच्या शेंगेसारखं लांबुळकं अंडं दिलं. मनमाडसारख्या शहाण्या कोंबडीनं सुरकुत्या पडलेलं दिलं. काचीगुडानं तर एक असं दिलं की त्याला शेपूट होतं. मी ते शेपूट धरून उचललं आणि मला भीती वाटायच्या ऐवजी असं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबावा लागला.

गंमत अशी, की मी जेवढी लपवत होते त्यापेक्षा जास्त अंडी नाहीशी होत होती. कधी डालग्याखाली काहीच नसायचं. मी म्हटलं, मांजर असेल. मांजराचे उपकार मानले आणि आणखी लवकर उठायला लागले.

एकदा उजाडायच्या आधीच अंगणात गेले, डालग्यापाशी वाकले, हात घातला, आणि माझ्या हाताला दुसरा हात लागला. मी किंचाळले. समोरून आत्याबाई किंचाळल्या. गार्डसाहेब आरवला.

"तू काहून उठलीस गं?" त्यांनी विचारलं.

"कोंबड्यांला दाणे टाकायला."

"अंधारात? त्यांला दिसायलेत व्हय दाणे?"

"आन् तुमी काहून उठलात, आत्याबाई?"

"मला काचीगुडा सपनात दिसली," त्या म्हणाल्या. "बघावं म्हनलं, बरी हाय का."

त्यांचा उजवा हात पदराखाली होता. माझा डावा हात पाठीमागं होता आणि त्यात एक मऊ अंडं थरथरत होतं. आम्ही दोघी एकमेकींकडं तोंड करून, पाठ न दाखवता, खेकड्यांसारख्या आडव्या चालत घरात गेलो. तेव्हा मला कळलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्याही लपवत होत्या, आणि माझ्यापासून लपवत होत्या. म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं. मी चुलीपुढं बसून रडले. चुलीच्या धुराचं निमित्त असलं की कुणी काही विचारत नाही.

अशात पालमहून सरजाबाई आल्या.

सरजाबाई म्हणजे आत्याबाईंची नणंद. सगळ्या नातेवाइकांत कोण चांगलं, कोण वाईट, ते त्या ठरवायच्या आणि एसटीनं गावोगाव जाऊन सांगायच्या. पेपरला बातमी यायला वेळ लागायचा, सरजाबाईंना नाही. त्यांनी पिशवी कोपऱ्यात टेकवली, भिंतीवरून हात फिरवला, मग पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "वैनी, माझी कोंबडी खुडूक झालीया. तुझ्या घरची अंडी न्याया आले. आन् नव्या सुनंच्या हातानं माझ्या पदरात घाल बघ. म्हंजे हिचा हात कसा हाय त्ये बी कळंल."

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "घाला की," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी. आज कोंबड्यांचा उपास हाय."

"कोंबड्यांचा उपास?"

"मोर्च्याला पाठिंबा म्हनून," आत्याबाई म्हणाल्या आणि घाईनं बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी देऊन सरजाबाईंना बसमध्ये बसवायचं, असा त्यांचा बेत असावा. पण दुसऱ्या दिवशी बंद झाला. रस्ता अडवला, एसटी डेपोतून निघेना. आत्याबाईंची मोठी पंचाईत. नामांतर तर व्हायलाच पाहिजे आणि सरजाबाई तर जायलाच पाहिजेत. त्या दारात उभ्या राहून मोर्च्याला घोषणा द्यायच्या आणि आत येऊन मला हळूच म्हणायच्या, "येक बस सोडली असती तर काय बिघडलं असतं गं ह्यांचं?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी सरजाबाईंपुढं टोपली आणून ठेवली. आत चांगली गोल, घट्ट, तांबूस अंडी! मी बघतच राहिले. आत्याबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. मी गुमान एकेक अंडं उचलून सरजाबाईंच्या पदरात घालायला लागले. शेजारच्या कस्तुराबाई बघायला आल्या होत्या. त्यांना कुठल्या घरात काय चाललंय ते सांगावं लागत नसे.

"जरा पान्यात टाकून बघते," सरजाबाई म्हणाल्या. उबवायची अंडी पाण्यात सोडून बघायची बायांची रीतच आहे. तरंगलं तर शिळं, बुडालं तर चांगलं. आत्याबाई "आवं राहू द्या की, वन्सं" म्हणेपर्यंत त्यांनी पातेल्यात पाणी ओतून अंडी सोडलीसुद्धा.

सगळी बुडाली. सरजाबाई खूश झाल्या. मग पाणी लाल व्हायला लागलं. आधी फिकट, मग चांगलं लाल. आणि त्या लाल पाण्याच्या तळाशी पांढरी पांढरी अंडी दिसायला लागली.

गेरू! चुलीला सारवताना लावतात तो. आत्याबाईंनी स्टेशनजवळच्या हातगाड्यावरून पोल्ट्रीची, पिल्लं न निघणारी पांढरी अंडी आणली होती आणि गेरू लावून गावरान केली होती. ज्या बाईला अंड्याचा वास सहन होत नाही, ती कुठंतरी बसून एकेका अंड्याला रंग देत होती. मला हसू आवरेना, रडू आवरेना. माझ्या नाकातून कसलातरी भलताच आवाज आला.

"वैनी!" सरजाबाई कडाडल्या. "ह्या अंड्यांतून कावळा तरी निघंल का? माझ्याशी फशिवगिरी? मी निघाले. चालत जाईन पालमला!" त्यांनी तरातरा जाऊन कोपऱ्यातली पिशवी ओढली, पातळ आत कोंबायला हात घातला, आणि हात तसाच राहिला.

"आत काहीतरी हाय," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "गारगार हाय. हलायलंय."

पिशवीत सरजाबाईंचं चांगलं इरकली लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. मऊ होतं. पुढचं सांगायला नको. काचीगुडा दाराच्या चौकटीत उभी राहून आमच्याकडं बघत होती. सरजाबाईंनी हात बाहेर काढला. बोटांवर ते अंडं लोंबत होतं, बिनटरफलाचं, शेपटाचं. त्यांनी हात झटकला. अंडं उडालं, आढ्याला लागलं, क्षणभर तिथंच चिकटलं, आणि मग कस्तुराबाईंच्या डोक्यावर पडलं. कस्तुराबाई बाहेर पळाल्या, सरजाबाई त्यांच्यामागं, आत्याबाई त्यांच्यामागं, मी सगळ्यांच्या मागं, आणि कोंबड्या आमच्या पायांतून. अंगणात अख्खी गल्ली गोळा झाली.

"असली अंडी कवापासून हायेत?" सरजाबाईंनी विचारलं.



"सून आली तवापासून," कस्तुराबाई केस पुसत म्हणाल्या. "म्या मोरीत टरफलाबिगर अंडं बघितलं व्हतं. बोलले न्हाई."

"पायगुण," सरजाबाई म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. लांब यार्डात इंजिन शंटिंग करत होतं. मी खाली बघत उभी होते. माझी नजर माझ्याच पायांवर होती आणि मला ते पाय परके वाटत होते.

"आन् इतके दिस ही अंडी जात व्हती कुठं?" सरजाबाईंनी आत्याबाईंना विचारलं. "पुरलीस? फेकलीस?"

"फेकली तर कुत्र्यानं वडून गल्लीत आनली असती," आत्याबाई म्हणाल्या. "पुरली तर कोंबड्यांनी उकरली असती. मोरीत टाकली तर कस्तुराबाईला दिसली असती."

"मग कुठं गेली?"

"माझ्या पोटात," आत्याबाई म्हणाल्या. "खाल्ली म्या. नाक दाबून. पोरीला कुनी काई म्हनू नये म्हनून."

मी मान वर केली. मांजर नव्हतं तर. त्या होत्या. अंड्याच्या वासानं रस्त्यावर जाऊन बसणारी ही बाई रोज पहाटे उठून कुठंतरी कोपऱ्यात ती थरथरती, शेपटाची, सुरकुतलेली अंडी नाक दाबून गिळत होती. आणि मी समजत होते की त्या माझ्याविषयी मनात काहीतरी ठेवतायत. मला वाटलं, पळत जाऊन त्यांना मिठी मारावी. पण आमच्यात सुना तसं करत नाहीत, म्हणून मी तिथंच उभी राहून मोठ्यानं रडायला लागले.

आत्याबाई अडचणीत आल्या की एकच करायच्या. त्या खाली बसल्या, कनवटीची डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना काढला आणि मळायला लागल्या. एवढ्यात मनमाडनं त्यांच्या हातावर उडी मारली. त्यांनी "हाड" करेपर्यंत अकोला आली, मग काचीगुडा. डबी खाली पडली. कडेला वाळून गेलेला चुन्याचा खडा बाहेर सांडला आणि त्याच्यावर कोंबड्यांची अशी झुंबड उडाली की गार्डसाहेबाला मागं रेटून दिलं. काचीगुडा खडा चोचीत धरून पळाली, बाकीच्या तिच्यामागं, अंगणाला फेऱ्यावर फेऱ्या.

आत्याबाई कोंबड्यांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि हिरव्या भिंतीकडं बघितलं. त्या चकचकीत भिंतीवर आता एकही भोक नव्हतं. त्यांचा हात कपाळावर गेला. आणि मग त्या हसायला लागल्या. अशा हसल्या, अशा हसल्या, की तंबाखू सगळी मांडीवर सांडली.

"वन्सं, खरं हाय तुमचं," त्या उभ्या राहत म्हणाल्या. "चांगुणा आली म्हनूनच झालं समदं."

चांगुणा मी. माझी मान पुन्हा खाली गेली.

"तिच्यासाठी भिंत रंगवली म्या! ह्या भवान्या सालोसाल ह्या भिंतीचा चुना खायच्या, आन् मी त्यांला काठीनं हाकलायचे. हाड हाड करायचे! टरफल त्या चुन्याचं व्हायचं गं माय! आन् म्या दिला वर तेलरंग चोपडून!"

त्यांनी खुरपं घेतलं आणि सगळ्या गल्लीदेखत त्या भिंतीवर चालवलं. चुन्यावरचा तेलरंग तो, पापडासारखा सुटला. ज्या भिंतीवर त्यांनी आल्यागेल्याला हात फिरवायला लावलं, तिचे हिरवे पोपडे धडाधड खाली पडायला लागले आणि आतून जुना पांढरा चुना वर आला. कोंबड्या धावल्या. कस्तुराबाईंनी दुसरं खुरपं आणलं. मी विळा घेतला. पोरंटोरं पत्र्याचे तुकडे घेऊन आली. त्या गोंधळात माझे मालक ड्यूटीवरून आले, आणि टोपी काढून "अरे, माझी भिंत!" एवढंच म्हणून उभे राहिले. त्यांची टोपी कोणीतरी घेतली आणि हातात खुरपं दिलं.

सरजाबाई थोडा वेळ बाजूला उभ्या होत्या. मग त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "आता हाताला लागायलंय," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून खरवडायला लागल्या.

बंद उठला, बसा सुरू झाल्या, पण आता सरजाबाई हलेनात. चांगली अंडी घेतल्याशिवाय पालमला तोंड दाखवणार नाही म्हणाल्या. रोज सकाळी गल्लीतल्या बाया आमच्या डालग्याभोवती उभ्या राहायच्या. आधी कातडीवर नुसती खरखर आली. मग पातळ टरफल. आणि एक दिवस मनमाडनं, वेळेवर, असं अंडं दिलं की आत्याबाईंनी ते कस्तुराबाईंच्या दाराच्या कडीवर टकटक वाजवून दाखवलं. फुटलं नाही. अख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पुढं सरजाबाई निघाल्या तेव्हा मी स्वतःच्या हातानं त्यांच्या पदरात अंडी घातली. त्यांनी ती पाण्यात टाकून बघितली नाहीत.

पण ते पहिलं घट्ट अंडं त्यांना दिलं नव्हतं. ते मी उकडलं, सोललं, मीठ लावून ताटलीत ठेवलं आणि आत्याबाईंपुढं नेलं. मला वाटलं, इतकी वाईट अंडी माझ्यापायी खाल्ली, निदान एक तरी चांगलं खाऊ देत.

त्यांनी झटकन नाकाला पदर लावला. "ने बाई ने, वास येतो," त्या म्हणाल्या. "आता कशाला खाऊ? आता तर चांगलं हाय."

मग त्या उठून रस्त्यावर जाऊन बसल्या, आणि मी ते अंडं उंबऱ्यात बसून, त्यांना दिसेल असं, सगळं खाल्लं.